जिन्याखालचा फोन

वकीलवाडीतल्या रक्तपेढीत फोनवर बसायची नोकरी मोहिनी जेजुरकरला मिळाली ती तिच्या आवाजामुळे. मखमलाबादला तिच्या वडिलांचा, कोंडाजींचा, फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, गलांडा, जे निघेल ते पहाटे टोपल्यांत भरून बापलेक नाशिकच्या फुलबाजारात आणायचे, आणि त्या गलक्यात हाका मारून गिऱ्हाईक ओढायचं काम लेकीचं. मुलाखतीला बसलेले व्यवस्थापक बोरस्तेसाहेब तिचं बोलणं ऐकून म्हणाले, "हिला माइक लागायचा नाही." सगळे हसले. तिथं बसून तिला ऐकू काय येणार, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. ही गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णव सालची.

रक्तपेढी एका ट्रस्टची होती आणि ट्रस्टला एकच मोठा हॉल होता. त्या हॉलच्या एका अंगाला रक्तपेढीची खिडकी आणि मोहिनीचं टेबल. दुसऱ्या अंगाला, कमरेएवढ्या प्लायवुडच्या आडोशापलीकडे, ट्रस्टचाच शिवणवर्ग. वत्सलाबाई नावाच्या साठीच्या बाई तो चालवायच्या. नवऱ्यानं टाकलेल्या, घरात कमावतं कुणी नसलेल्या बायका तिथं शिकायच्या आणि शिकता शिकता कमवायच्याही. पायमशिनींच्या ओळी होत्या. सकाळी त्या सुरू झाल्या की फरशीतून पायाला हादरे जाणवत. रक्ताच्या पिशव्यांच्या फ्रिजची घरघर, खिडकीशी नातेवाइकांची झोंबाझोंबी, टाइपरायटर, आणि वीज गेली की खिडकीबाहेरचं जनरेटर. मोहिनी एका कानाला रिसीव्हर लावायची आणि दुसऱ्या कानात बोट खुपसायची. संध्याकाळी पंचवटीला घरी गेल्यावर नवरा काही विचारायचा तर ती "काय?" म्हणून ओरडायची. नवरा म्हणायचा, "अगं, मी इथंच आहे."

तिनं दोनदा बोरस्तेसाहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "बाजारात वाढलेली मुलगी तू, तुला आवाजाचं काय?" तिलाही ते पटल्यासारखं झालं. बाजारात भाव चुकून ऐकला तर फार तर टोपली तोट्यात जायची, एवढाच काय तो फरक. पण तो तेव्हा तिच्याही ध्यानात आला नाही.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. शिवणवर्गाला शाळांच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं होतं आणि जूनच्या आत ते द्यायचं होतं. बायका डबा खायलाही उठत नव्हत्या. दुपारी वीज गेली, जनरेटर धडधडायला लागलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

पलीकडं दीपमाला होती. सुरगाण्याच्या पुढं, गुजरातच्या हद्दीकडच्या एका दवाखान्यातली सिस्टर. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं फोनवर बोलून अगदी अगं-तुगंवर आल्या होत्या. लाइन खरखरत होती.

"बाळंतीण पाठवतेय जीपनं... रक्त थांबत नाहीय... मोठ्या दवाखान्यात नेतील... तू रक्त तयार ठेव..."

"कुठला गट?" मोहिनी ओरडली.

"ए... बी निगेटिव्ह!"

"एबी निगेटिव्ह?"

"हो, हो! बी निगेटिव्ह! लवकर कर!"

लाइन तुटली.

दीपमाला 'ए' म्हणाली होती ती मैत्रिणीला हाक म्हणून. ए, बी निगेटिव्ह. मोहिनीनं त्या हाकेचा रक्तगट केला. तिनं उलटून विचारलं तेव्हा तिच्या प्रश्नातला 'ए' खरखरीत विरला आणि दीपमालाला नुसतं 'बी निगेटिव्ह' ऐकू आलं. दीपमालानं हो म्हणून पुन्हा गट सांगितला, त्यातला 'हो' तेवढा मोहिनीला जनरेटरवरून ऐकू आला. दोघींनी खात्री करून घेतली होती आणि दोघींचीही खात्री वेगवेगळी होती.

मोहिनी कामाला लागली. निगेटिव्ह गटाची माणसं मुळात थोडी, त्यात एबी निगेटिव्ह म्हणजे शोधूनही सापडत नाहीत. तरी तिनं रक्तदात्यांच्या कार्डांमधून दोघं शोधले. एक बँकेतले कारकून, एक शालिमार चौकातले औषधवाले. दोघंही तासाभरात आले, रक्त देऊन गेले. पिशव्यांच्या तपासण्याही सुरू झाल्या. डॉक्टरबाई, म्हणजे रक्तपेढीच्या प्रमुख, जाता जाता तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "आज पेशंटच्या आधी रक्त तयार. शाब्बास." मोहिनीला बरं वाटलं. तिनं पाणी प्यायलं.

उन्हं कलायच्या सुमाराला एक माणूस खिडकीशी आला. काळासावळा, सडपातळ, पायांत चप्पल नाही, अंगातला सदरा एका बाजूनं रक्तानं कडक झालेला. हातात त्यानं रक्ताच्या नमुन्याची बाटली अशी धरली होती की जणू तिच्यात प्राण आहे. त्याचं नाव लहानू. बायको नवसाबाई मोठ्या दवाखान्यात पोहोचली होती.

"लय थंड पडली ताई," तो म्हणाला. "हाक मारली तर बघतीय नुसती. डागदर म्हनला, रगत आण, मंग हात लावतो."

"रक्त तयार आहे दादा," मोहिनी म्हणाली. "दहा मिनिटं बसा."

बाटली आत गेली. थोड्याच वेळात डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पाहून मोहिनी उभी राहिली.

"मोहिनी, एबी कुणी सांगितलं तुला?"

"सिस्टरनं. का?"

"ही बाई बी निगेटिव्ह आहे. आपल्याकडचं एबी हिला नाही चालत. दिलं तर मरेल."

शेजारी मशिनी खडखडत होत्या. काउंटरपलीकडून लहानू दोघींच्या ओठांकडं बघत होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं, पण ओठांवरून काहीतरी कळलं होतं.

"माझं काढा," तो म्हणाला. "सगळं काढा."

त्याचं तपासलं. जुळलं नाही.

फ्रिजमध्ये ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती, दुसऱ्या दिवशीच्या कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी राखलेली. ते रक्त कुणालाही देता येतं. डॉक्टरबाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि ती पिशवी लहानूच्या हातात दिली. "हिच्यावर थोडा वेळ निघेल," त्या मोहिनीला म्हणाल्या. "फार नाही. बी निगेटिव्ह माणूस आण. कुठूनही."

मोहिनीनं कार्डं काढली. पहिला लग्नाला जळगावला गेलेला. दुसऱ्याचा नंबर शेजाऱ्याचा होता, कार्डावर 'पी.पी.' लिहिलेला. तेव्हा असंच असायचं, शेजाऱ्याला फोन करायचा आणि तो हाक मारून माणूस बोलावून आणायचा. शेजारणीनं फोन घेतला. काय म्हणाली ते मोहिनीला समजेना. मोहिनी काय म्हणते ते तिला समजेना. "कोण? कोण बोलतंय?" एवढंच पुन्हा पुन्हा, आणि फोन खाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मोहिनीचा तो खणखणीत आवाज आता तिला स्वतःलाच ऐकू येईना.

ती उठली. कार्डं मुठीत घेतली आणि रस्ता ओलांडून समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. आत एक जण काचेआड बसून सुरतेच्या कुणाशी तरी साड्यांचा व्यवहार करत होता. मोहिनीनं काच वाजवली. त्यानं हातानंच थांबायला सांगितलं. तिनं दार उघडून त्याच्या हातातला रिसीव्हर काढून घेतला.

"अहो! काय चाललंय?"

"बाई मरतीय," मोहिनी म्हणाली. "बाहेर जा."

असं ती जन्मात कुणाशी बोलली नव्हती. तो माणूस बाहेर गेला. काचेचं दार बंद झालं आणि एकदम शांत झालं. इतकं शांत, की आपला श्वास केवढ्यानं चाललाय हे तिला त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आलं. त्या शेजारणीला या खेपेला पहिल्या फटक्यात समजलं. हवा होता तो माणूस मुंबईला गेला होता. तिसरे दिंडोरीचे द्राक्षबागाईतदार, ते स्वतःच फोनवर आले. "मोटरसायकल काढतो, येतोच," म्हणाले. पण दिंडोरीहून येणार, मग रक्त घेणार, मग तपासण्या. जवळ कोण? उरलं एकच कार्ड. कुंदन आहिरे. सातपूरचा एक कारखाना.

कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन म्हणाला, "आत प्रेस चालू आहेत बाई. हाक मारली तरी जात नाही. शिफ्ट सुटल्यावर सांगतो."

"किती वाजता सुटते?"

त्यानं वेळ सांगितली. मोहिनी रिसीव्हर ठेवून बाहेर आली आणि समोर दिसली ती रिक्षा तिनं थांबवली.

त्र्यंबक रस्त्यानं सातपूरला पोहोचेपर्यंत प्रत्येक सिग्नलला तिला वाटत होतं, आत्ता झालं, आत्ता ती बाई गेली. गेटवर तिनं वॉचमनला लहानूच्या सदऱ्यावरच्या रक्ताचं सांगितलं, जीपचं सांगितलं, काहीतरी तुटक सांगितलं. वॉचमननं सुपरवायझरला बोलावलं आणि त्यानं तिला आत नेलं.

आत पाऊल टाकताच तिचे हात आपोआप कानांवर गेले. शिवणवर्ग त्यापुढं देवळातल्या भजनासारखा म्हणावा. लोखंडाच्या पत्र्यावर प्रेस आदळत होते आणि प्रत्येक ठोका छातीत बसत होता. माणसं एकमेकांशी बोलतच नव्हती, खुणा करत होती. सुपरवायझरनं एका मशिनीकडं बोट दाखवलं. कानांत कापसाचे बोळे घातलेला एक तरुण पत्रा आत सारत होता, पाय दाबत होता, पत्रा काढत होता. हात आत, ठोका, हात बाहेर.

मोहिनी धावत पुढं झाली. सुपरवायझरनं तिचा दंड असा धरला की बांगडी पिचली. त्यानं तिच्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं, "मागनं जायचं नाही! दचकला तर हात जाईल!"

मग दोघं त्याच्या समोर, दूर उभे राहिले. तो वर बघेल तेव्हाच. तो वर बघत नव्हता. हात आत, ठोका, हात बाहेर. मोहिनीनं पत्र्यावर खुणा करायचा तिथला खडू उचलून आपल्या तळहातावर मोठ्ठं 'बी' काढलं आणि पुढं आडवी रेघ ओढली. तळहाताला घाम होता, अक्षर फुटत होतं. तिनं पुन्हा गिरवलं. एका बाईचा जीव तिकडं चालला होता आणि ती इथं हात वर करून, तोंड मिटून उभी होती. हाक मारायची सोय नव्हती. हाकेनं दुसऱ्याचा हात गेला असता. सुपरवायझरनं भिंतीवरच्या बटणानं वरचा दिवा चालू-बंद, चालू-बंद केला.

कुंदननं पाय काढून घेतला. मान वर केली. आधी सुपरवायझरकडं, मग तळहाताकडं बघितलं. तो हात त्यानं वाचला, मशीन बंद केली, आणि कानातला कापूस काढत म्हणाला, "चला."

रिक्षात त्यानं एकदाच विचारलं, "काय झालंय?" मोहिनीनं सांगितलं. "जोरात बोला मॅडम." तिनं पुन्हा सांगितलं. "या बाजूनं बोला, इकडच्या कानानं येतं थोडं." तो तिशीचाही नव्हता.

कुंदनचं रक्त घेतलं, घाईच्या तपासण्या झाल्या, जुळवून बघितलं, आणि पिशवी घेऊन लहानू अनवाणी पळत सुटला. दिवेलागणीला दिंडोरीचे बागाईतदार धुळीनं माखून आले, त्यांची पिशवी गेली. तोवर मोहिनी खुर्चीवर बसली होती ती उठली नाही. हातावरचा खडू तिनं धुतला नव्हता.

नवसाबाई वाचली. गर्भाशय काढावं लागलं, पण ती वाचली. मुलगी होती, तीही ठणठणीत.

लोकांना वाटेल गोष्ट इथं संपली. खरं तर मोहिनीसाठी अवघड ते इथंच सुरू झालं.

आठवड्याभरात तिला मेमो मिळाला. 'कर्तव्यात निष्काळजीपणा.' ती तो घेऊन बोरस्तेसाहेबांकडं गेली. साहेब वाईट माणूस नव्हते, पण डोक्यावरचे पदाधिकारी आणि हाताखालची माणसं यांच्यामध्ये चेपून चेपून ते सपाट झाले होते.

"साहेब, चूक झाली. माझ्या ऐकण्यात झाली. पण तिथं ऐकू येतच नाही. मला वेगळी जागा द्या."

"बाई वाचली ना?"

"वाचली."

"मग? वेगळी जागा कशाला? तू नीट ऐकत जा."

बाई गेली असती तर मोहिनीची नोकरी गेली असती, पण फोनला वेगळी जागा मिळाली असती. बाई वाचली म्हणून नोकरी राहिली आणि जागाही राहून गेली.

"जिन्याखाली खोली आहे," ती म्हणाली.

"ती अडगळीची आहे. जुने बॅनर आहेत तिथं, खुर्च्या आहेत."

"मोडक्या खुर्च्यांना शांतता लागते का साहेब?"

हे जरा जास्त झालं. साहेबांनी फाइल उघडली आणि मान खाली घातली. घरी नवरा म्हणाला, "नोकरी सांभाळ बाई. उगाच डोक्यावर घेऊ नकोस." ती रात्रभर कुशीवर वळत राहिली. डोळा लागला की हात आत, ठोका, हात बाहेर, एवढंच दिसायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन उचलला, त्याची वायर ताणता येईल तेवढी ताणली आणि जिन्याच्या पायरीशी जमिनीवर जाऊन बसली. तिथं थोडं बरं ऐकू येई. बोरस्तेसाहेबांनी शिपायाकरवी फोन परत टेबलावर ठेवला. ती परत घेऊन गेली. असं तीन-चार दिवस चाललं. येणारे-जाणारे तिला ओलांडून जायचे. कुणी हसायचं. साहेबांनी सांगितलं, आता आणखी एक मेमो निघाला तर पुढचं तूच बघ.

त्यात वत्सलाबाई भडकल्या. हॉलभर पसरलं होतं की मोहिनी शिवणवर्गावर खापर फोडतेय. त्या तरातरा आल्या आणि पायरीशी बसलेल्या मोहिनीपुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माझ्या बायकांची मशीनं बंद करायला निघालीस म्हणे?"

"नाही हो बाई..."

"त्यांच्या चुली या मशिनीवर पेटतात, माहितीये? तू पगारी बाई. महिना झाला की हातात मिळतंय. त्यांचं काय?"

"मी मशिनी बंद करा कुठं म्हणाले?" मोहिनीचा आवाज चढला. "त्या चालू दे. मला एक दार हवंय. बंद होणारं दार!"

तेवढ्यात फोन वाजला. मोहिनीनं रागाच्या भरात तो हिसकल्यासारखा उचलला आणि रिसीव्हर तिच्या हातून निसटला. वत्सलाबाईंनी वाकून तो उचलला, कानाला लावला. "हॅलो? कोण? मोठ्यानं बोला... अहो, काय म्हणताय?" पलीकडं कुणी बाई रडत होती. काहीतरी नाव सांगत होती, मुलाचं. वत्सलाबाईंनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मशिनींनी ते नाव खाल्लं. बाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी मान वळवली आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "थांबवा गं!"

एकेक मशीन थांबली. शेवटच्या चाकाची गरगर संपली. बायका माना वर करून बघत राहिल्या. वत्सलाबाई रिसीव्हर कानाशी धरून आता हळू आवाजात म्हणाल्या, "सांग बाळ. आता सांग." मग त्यांनी एकेक शब्द मोठ्यानं उच्चारला आणि मोहिनीनं तो लिहून घेतला.

वत्सलाबाईंनी फोन खाली ठेवला.

"रोज थांबवता नाही यायच्या," वत्सलाबाई म्हणाल्या.

"नको थांबवायला."

"कुठली म्हणालीस ती खोली?"

वत्सलाबाई ट्रस्टच्या जुन्या माणूस. कुणाकडून काय कसं काढायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या सरळ बोरस्तेसाहेबांकडं गेल्या आणि म्हणाल्या, गणवेशांचे गठ्ठे ठेवायला जागा नाही, जिन्याखालच्या खोलीची किल्ली द्या. रक्तपेढीचं नाव काढलं नाही. साहेबांनी किल्ली दिली. रविवारी वर्गातल्या बायका आल्या. बॅनर, खुर्च्या, फुटक्या कुंड्या गच्चीवर नेल्या, भिंती झाडल्या. मग मागच्या आठवडाभर त्यांनी जे गपचूप शिवलं होतं ते काढलं. गणवेशाच्या चिंध्यांच्या गोधड्या. खाकी, पांढऱ्या, निळ्या, थरावर थर घालून जाड टाके घातलेल्या. त्या त्यांनी चारी भिंतींना वरपासून खालपर्यंत खिळ्यांनी ठोकल्या, एक दाराच्या आतल्या बाजूला.

मोहिनी आत गेली आणि दार लावलं. बाहेर मुद्दाम मशिनी चालू ठेवल्या होत्या. आत त्या लांब कुठंतरी पाऊस पडत असल्यासारख्या वाटल्या.

सोमवारी बोरस्तेसाहेबांनी ते बघितलं. त्यांचे कान लाल झाले. "मला फसवलंत," ते वत्सलाबाईंना म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "गोधड्या काढायच्या तर तुम्ही काढा. माझ्या बायका हात लावायच्या नाहीत."

साहेब निघून गेले. त्यांना पटलं म्हणून नव्हे. वत्सलाबाईंशी भांडण परवडणारं नव्हतं म्हणून. मोहिनीचा मेमो तिच्या फाइलमध्ये तसाच राहिला आणि त्या वर्षीची पगारवाढही अडली. त्याबद्दल ती कुणाशी कधी बोलली नाही.

पण त्या खोलीत फोनवर गट सांगताना मोहिनीनं एक पद्धत घातली. नुसतं अक्षर घ्यायचं नाही. बी म्हणजे बदकातला, ए म्हणजे एरंडातला. गावोगावच्या सिस्टर आधी हसल्या, मग त्याही तसंच बोलायला लागल्या. दीपमाला तर पुढं फोन केला की 'ए' अशी हाकच मारायची नाही, एकदम 'मोहिनी' म्हणायची.

आणि ती खोली हळूहळू दुसऱ्याच माणसांना सापडायला लागली. एखाद्या बापाला वाईट बातमी सांगायची असली की डॉक्टरबाई मोहिनीला डोळ्यांनी विचारायच्या, आणि ती उठून बाहेर यायची. शिवणवर्गातली एखादी घरून मार खाऊन आली की वत्सलाबाई तिला पाठीला धरून तिथं नेऊन बसवायच्या. हॉलमध्ये रडायलासुद्धा ओरडावं लागायचं, असं वत्सलाबाई म्हणायच्या.

दोन हजार चार सालच्या हिवाळ्यात एक प्रसंग घडला. पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये पेट्यांत द्राक्षं भरणारी चिमणाबाई नावाची बाई रक्तासाठी आली होती, आणि ती खिडकीशी उभी असतानाच तिचा तरुण मुलगा दवाखान्यात वारल्याचा निरोप आला. मोहिनीनं तिला आत बसवलं, दार ओढून घेतलं. काही मिनिटांतच हॉलमधल्या जुन्या टेबलावर पुढं घेतलेला दुसरा फोन वाजला. घाईचं होतं, अपघात होता, लाइनवरचा माणूस हायवेवरून बोलत होता, मागं ट्रकचे हॉर्न.

मोहिनीनं दाराकडं बघितलं. ठोठावलं असतं तर चिमणाबाई उठली असती. गरीब माणूस उठतोच. मोहिनीचा हात दारापर्यंत गेला आणि तिनं तो मागं घेतला. ती परत टेबलाशी आली, एका कानात बोट घातलं, रिसीव्हर दुसऱ्याला दाबला आणि गट विचारला. पुन्हा विचारला. बदकातला की एरंडातला? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पलीकडच्या माणसानं शिवी दिली. तिनं शिवी ऐकून घेतली आणि चौथ्यांदा विचारलं. गट बरोबर निघाला. पण पिशव्या रवाना होईपर्यंत तिनं जी भीती सोसली ती सत्त्याण्णव सालापेक्षा कमी नव्हती. तेव्हा निदान फोनवर ऐकताना आपण चुकू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं ट्रस्टच्या नव्या इमारतीचा आराखडा बघायला मागितला. नाशिकच्याच द्वारका चौकाच्या पुढं जागा घेतली होती. तरुण इंजिनिअरनं टेबलावर कागद पसरला. सगळं मोकळं, काचेचं, झकपक.

"फोन कुठं?" तिनं विचारलं.

"मॅडम, आता मोबाइल आहेत. कुठूनही बोलता येईल."

"बोलता येईल हो. ऐकायचं कुठं?"

त्यानं विचार केला आणि पेन्सिलीनं एक चौकोन काढला.

"अजून एक काढा," मोहिनी म्हणाली.

"तो कशासाठी?"

"बसायला."

तो हसला, पण चौकोन त्यानं काढला. बोरस्तेसाहेब निवृत्तीला आले होते. बैठकीत त्या दुसऱ्या चौकोनावर वाद झाला तेव्हा ते काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्यामुळेच तो पास झाला असं मोहिनी मानते.

नवी इमारत दोन हजार सातला सुरू झाली. फोनच्या खोलीला जाड दार आहे. बसायच्या खोलीत एक बाक, एक पाण्याचा माठ आणि एक खिडकी आहे. दर काही दिवसांनी कुणीतरी तिथं खोके आणून ठेवतं, कधी सलाइनचे, कधी शिबिरातल्या बिस्किटांचे, जागा मोकळी दिसते म्हणून. मोहिनी कुणावर ओरडत नाही. ती आत जाते, पदर खोचते आणि एकेक खोका उचलून बाहेर हॉलमध्ये, अगदी वाटेत, मांडून ठेवते.